फुकट फिरता, मग मानधन कशाला?
प्रवासवर्णन मागणारे एका दिवाळी अंकाचे संपादक परवा मला म्हणाले, "फिरायची हौस तुमचीच ना, मग मानधन कसलं?" अहो, एसटीचं तिकीट, लॉजचं भाडं, जागून लिहिलेल्या चार रात्री, हे काय हौसेत बसतं?

वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली उत्तरेत गेले ते डोक्यावर कर्ज होतं म्हणून, दक्षिणेच्या आशेनं. मिळालेलं लुटलं गेलं. 'माझा प्रवास' छापलं १९०७ साली, ते गेल्यावर.

आता मानधन नाही म्हटल्यावर लिहिणारा रिसॉर्टच्या फुकट खोलीत राहतो अन् सोशल मीडियावर गोडगोड लिहितो. अशा मजकुरावर 'जाहिरात' लिहा, असं ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल २०२१ पासून सांगतेय. लिहितं कोण?

यंदा अंक घेताना विचारा राव, लेखकाला किती दिले?