भरतीच्या वेळी रोहितांनी कुठे जायचे?

परंडा तालुक्यातल्या सोनारीला समुद्र नाही. काळभैरवनाथाच्या आणि उसाच्या या गावाने ठाणे खाडीची चिंता का वाहावी? कारण शेजारच्या करमाळा तालुक्याला लागून उजनीचा जलाशय आहे. त्याचे पाणी ओसरून काठ उथळ झाले की तिथेही रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. धरण कोणाचे, खाडी कोणाची हे त्यांना ठाऊक नसते. त्यांना उथळ पाणी आणि चिखल हवा. तो जिथे नाहीसा होतो, तिथे नुकसान साऱ्या महाराष्ट्राचे होते.

ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर स्थळ. कागद चोख आहेत. पण खाडी दिवसातून दोनदा भरते. चिखल पाण्याखाली गेला की पक्ष्यांना टेकायला दुसरी उथळ जागा लागते. ती जागा म्हणजे नवी मुंबईतली नेरुळ-सीवूड्सची तळी. अभयारण्याची रेघ मात्र त्यांच्या अलीकडेच थांबते आणि रेघेबाहेरचे पाणी नियोजनकारांना 'मोकळा भूखंड' दिसते. घराचा ओटा राखायचा आणि माजघर विकायचे, असला हा कारभार!

परिणाम २०२४ मध्ये दिसले. नेरुळच्या डीपीएस तळ्यात भरतीचे पाणी येण्याच्या वाटा बुजल्या, तळे सुकले, परिसरात फ्लेमिंगो मेले. २० मे रोजी घाटकोपरवर दुबईहून येणाऱ्या विमानाची धडक बसून ३०हून अधिक पक्षी मेले. या अपघाताचे खापर तळ्यावर फोडायला नको. पण टेकायची जागा हिरावली की थव्यांना जास्त उडावे लागते, हे कळायला पक्षितज्ज्ञ लागत नाही.

'मग माणसांनी राहायचे कुठे?' हा ठरलेला प्रश्न. पाणथळीवर उभे राहणारे टॉवर बेघरांसाठी नसतात. उलट, भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की पाणी सामावून घेणारी हीच जागा असते. ती बुजवली की बुडणार माणसेच.

राज्य वन्यजीव मंडळाने २०२५ मध्ये डीपीएस तळे संवर्धन राखीव करण्यास मान्यता दिली. उशिरा का होईना, बरे झाले. पण एका तळ्यावर समाधान मानून चालणार नाही. एनआरआय आणि टी. एस. चाणक्यची तळीही त्याच संरक्षणाखाली आणा, भरतीच्या वाटा मोकळ्या ठेवा. तोवर 'फ्लेमिंगो सिटी' म्हणून चौकाचौकांत गुलाबी पुतळे उभारू नका. पुतळ्यांना भरती-ओहोटी लागत नाही, पक्ष्यांना लागते.