शक्तीचा डबा

कळंबोलीच्या लोखंड बाजारात आमचे शेजारी, ज्यांना मी मामा म्हणतो, दिवसभर सळया उतरवतात. त्यांच्या चिरंजिवांना मात्र व्यायामशाळेत अंग कमवायला अडीच हजारांचा डबा हवा! मामांनी तो उधारीवर आणला, तेव्हा मला राहवले नाही.

काय असते हो त्या डब्यात? चीज करताना दूध फाडून उरलेल्या पाण्यातली प्रथिने. मापभर भुकटीत सुमारे २४ ग्रॅम; चार अंड्यांत किंवा शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत जवळजवळ तेवढीच. भुकटी विष नव्हे, हे मला मान्य आहे. पण पुरेसे जेवणाऱ्याने वर आणखी प्रथिने ओतली, तर त्यांचे स्नायू होत नाहीत. शरीर ती जाळून टाकते. ‘तरतरी’च्या डब्यातली तरतरी तर बहुधा कॅफीनची; ती नाक्यावरच्या चहातही मिळते.

गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणले, ते तालमीच्या मातीतून, डब्यातून नव्हे.

मामांच्या दंडाची बेटकुळी मी पाहिली आहे. ती भाकरीची आहे. आणि आता डब्याची उधारी तिलाच फेडायची आहे!