हुशारीचा गर्व आणि आपला सब्र

हिंजवडी, खराडी, ऐरोलीच्या कंपन्यांत नोकरी करणारी मुले-मुली आता आपल्या घराघरांत आहेत. त्यांच्याकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. टीममधला एक जण फार हुशार आहे, पण कोणाचे ऐकून घेत नाही. कोड तपासताना तो चूक दाखवत नाही, माणसाची लायकी काढतो. मग नवीन मुले प्रश्न विचारायला घाबरतात, आणि न विचारलेल्या प्रश्नांतल्या चुका शेवटी ग्राहकाला भोगाव्या लागतात.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी गर्वाच्या दोन खुणा सांगितल्या आहेत : सत्य नाकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे. म्हणजे हुशार असणे किंवा आपल्या मतावर ठाम असणे हा गर्व नव्हे. काहींचा स्वभावच तुटक असतो. पुरावा दाखवल्यावर तो मानत असेल, तर त्याच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करून आपण त्याच्याकडून शिकावे.

पण खरोखरच गर्व असेल तर?

आधी एकांतात बोलावे. हजरत मूसा (अ.) यांना फिरऔनकडे पाठवतानाही अल्लाहने नरमाईने बोलण्याचा आदेश दिला होता, हा तर आपला सहकारी आहे. "तुम्ही नेहमीच असे करता" म्हणण्यापेक्षा "कालच्या मीटिंगमध्ये माझे बोलणे अर्धवट तोडले गेले" असे नेमके सांगावे. वाद झाला तर तो कामावर ठेवावा. टेस्ट चालवून दाखवावी, ठरलेले लिहून ठेवावे.

चहाच्या टेबलावर त्याची गीबत करू नये. मात्र ज्याच्या हाती उपाय आहे त्या मॅनेजरकडे अन्यायाची तक्रार करणे ही गीबत नव्हे, असे उलमांनी स्पष्ट केले आहे. चूक दिसत असूनही गप्प बसणे हा सब्र नाही. काम ही अमानत आहे.

माणूस बदलतो का? लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांच्या बोचऱ्या ई-मेलची अनेकांनी धास्ती घेतली होती. सप्टेंबर 2018 मध्ये त्यांनी जाहीर माफी मागितली आणि काही आठवडे कामापासून दूर राहिले. सहकारी बोलले, म्हणूनच हे घडले.

आता थोडे आपल्याकडेही पाहू. हिजरी 5 मध्ये मदीनेवर मोठी फौज चालून आली, तेव्हा खंदक खणण्याचा सल्ला इराणहून आलेल्या हजरत सलमान फारसी (र.) यांनी दिला होता. अरबांना ही पद्धत नवी होती, तरी प्रेषितांनी (स.) तो सल्ला स्वीकारला आणि स्वतः माती वाहिली. आपण टीममधल्या सर्वांत नव्या मुलाचे ऐकतो का? घरी धाकट्या बहिणीचे, सुनेचे ऐकतो का?

अल्लाह आपल्याला सत्य सांगण्याची हिंमत आणि ते ऐकण्याची नम्रता देवो. आमीन.