शोकांतिका म्हणू नका!

गेल्या शनिवारी टीममधले आम्ही पाच जण मुळशीला गेलो होतो. पाऊस, धुकं, हातात भाजलेलं कणीस, सगळं साग्रसंगीत. मी सहज म्हटलं, या पाण्याखाली गावं आहेत. त्यावर एक मित्र म्हणाला, "बाप रे, केवढी ट्रॅजेडी!" आणि फोटो काढायला गेला.

तेव्हा गप्प बसलो, परतताना गाडीत भांडण नको म्हणून. आता इथे भांडतो.

मंडळी, हल्ली कशालाही शोकांतिका म्हणतात. पूल पडला, शोकांतिका. शेतकरी गेला, शोकांतिका. अहो, नुसता रडका शेवट म्हणजे शोकांतिका नव्हे. अ‍ॅरिस्टॉटलने तेवीसशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय की नायक ना साधू, ना दुष्ट. तो कोसळतो तो स्वतःच्याच चुकीने. 'एकच प्याला'त तळीराम आग्रह करतो, पण पेला उचलतो सुधाकरच. 'नटसम्राट'मध्ये (१९७०) आप्पा बेलवलकर सगळं मुलांना वाटून टाकतात, कोणी मनगट धरून सही घेतलेली नसते. म्हणून तर आपल्या पोटात कालवतं. ही चूक आपणही करू शकतो, असं वाटतं.

आता मुळशी. मुंबईला वीज हवी होती, म्हणून टाटांचं धरण इथे आणि वीजघर घाटाखाली भिऱ्याला. हाताशी १८९४चा भूसंपादन कायदा. १९२१च्या रामनवमीला मावळातले शेतकरी सत्याग्रहाला बसले. यांची चूक कोणती? भाताची खाचरं नेमकी त्याच खोऱ्यात होती, ही?

"पण वीज तर लागतेच ना?" लागते की. हा लेखही विजेवरच टाईप करतोय. म्हणून पन्नासच्या आसपास गावांचा हिशेब नियतीच्या नावावर मांडायचा? शोकांतिका म्हटलं की निर्णय घेणारा अलगद विंगेत जातो. ऑफिसात रूट कॉजच्या रकान्यात 'नशीब' लिहून बघा, मॅनेजर काय म्हणतो ते!

खरंच शोकांतिकेचा नायक हवा असेल, तर सेनापती बापटांकडे बघा. अहिंसक सत्याग्रह केला, तुरुंगवास भोगला. लोक पांगले, सावकारांना मोबदला चालणार होता. मग १९२४मध्ये हा माणूस धरणाच्या कामाची रेल्वे अडवायला हत्यार घेऊन उभा राहिला. शिक्षा सात वर्षं. ती चूक होती की नव्हती यावर रात्रभर वाद घालू, मला आवडेल. पण निर्णय त्यांचा होता, परिणाम माहीत असताना घेतलेला. शेतकऱ्याला तेवढीही मुभा नव्हती.

असो. मित्राने काल ग्रुपवर फोटो टाकला, खाली लिहिलंय 'बुडालेली गावं'. मी फक्त 'बुडवलेली' असं उत्तर दिलं. दोन निळ्या टिका दिसतायत, पण अजून कोणी काही बोललेलं नाही.