टाकून दिलेल्या पिक्चर ट्यूबचे मोल

कोथरूडमधील सहकारी गृहरचना संस्थांच्या जुन्या इमारती सध्या एकामागून एक पाडल्या जात आहेत. पुनर्विकासाच्या करारावर सह्या होऊन बिऱ्हाडे हलू लागली की माळ्यावर पडून राहिलेले अवजड टीव्ही संच आणि संगणकाचे खोक्यासारखे मॉनिटर जिन्याखाली येऊन बसतात. 1973 साली पुण्यात दूरदर्शन दिसू लागले, 1982 साली ते रंगीत झाले, आणि पुढे मध्यमवर्गीय कुटुंबांनी हप्ते भरून रंगीत संच घरी आणले. एके काळी भरतकामाच्या आच्छादनाखाली जपलेली ती वस्तू आज भंगारवाल्याने फुकट उचलून नेली तरी उपकार वाटतात.

या ढिगाऱ्याला अलीकडे एक अनपेक्षित गिऱ्हाईक लाभले आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत कॅसेट खोचून मारिओ आणि कॉन्ट्रा खेळलेली मुले आज नोकरीव्यवसायात स्थिरावली आहेत. त्यांतील काही जण तेच खेळ तशाच पडद्यावर खेळावयाचे म्हणून चालू अथवा दुरुस्त होण्याजोगे संच शोधतात, मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी हिंडतात, आणि सुट्या भागांसाठी तपकीर गल्ली पालथी घालतात. कार्यकर्त्यांना हा सुखवस्तूंचा चोचला वाटेल. तो काही अंशी आहेही. परंतु तेवढे म्हणून विषय सोडून दिला, तर त्यात दडलेला अर्थशास्त्रीय प्रश्न हातातून निसटतो.

या हौसेला निव्वळ स्मरणरंजन म्हणता येत नाही. पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर ओळीमागून ओळ रेखीत जातो. संकेत आला की तत्क्षणी चित्र उमटते. सपाट पडद्याला तो जुना संकेत आधी अंकांत रूपांतरित करून आपल्या मापात बसवावा लागतो. त्यात क्षणाचा काही अंश जातो आणि उडी मारणारा मारिओ खड्ड्यात पडतो. बंदुकीने बदके टिपण्याचा 1984 सालचा डक हंट हा खेळ तर नव्या पडद्यावर मुळीच चालत नाही, कारण ती बंदूक पिक्चर ट्यूबवरील प्रकाशाच्या नेमक्या वेळेवरच विसंबून असते. म्हणजे ज्या कामासाठी ती वस्तू घडली, ते काम ती आजही तिच्या वारसदाराहून चांगले करते. तिचे उपयोगमूल्य शाबूत आहे. संपले ते विनिमयमूल्य. बाजाराने भाव शून्य ठरविला की वस्तूच निकामी झाली असे मानण्याची सवय समाजाच्या अंगी किती मुरली आहे, याचा हा पुरावा होय.

सपाट पडदा वीज आणि जागा दोन्ही कमी घेतो, हे मान्यच करावयास हवे. घरोघरी पुन्हा पिक्चर ट्यूब यावी अशी मागणी कोणी शहाणा करणार नाही. तंत्रज्ञान बदलते तेव्हा मोठमोठे भांडवलदारही फसतात. मराठवाड्यात वाढलेल्या व्हिडिओकॉनने 2005 साली फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला, तो नेमका त्या धंद्याचा सूर्य मावळत असताना. 2018 साली ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. आज नवी पिक्चर ट्यूब मिळणे जवळपास अशक्य आहे. म्हणून फुटलेली प्रत्येक ट्यूब कायमची गेली.

आणि त्या फुटतात कशा, हे पाहण्यासारखे आहे. ट्यूबच्या मानेवर तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. कारागीर त्याला योक म्हणतात. भंगाराच्या व्यवहारात भाव आहे तो या तांब्याला. ते ओरबाडताना काचेची मान मोडते. शिसे मिसळलेली जड काच आणि आतील रासायनिक भुकटी तिथेच पडून राहते, आणि ती उपसणारे हात बहुधा एखाद्या कचरावेचक बाईचे असतात. पूर्वी ही काच वितळवून नव्या ट्यूबसाठी वापरीत. उत्पादन थांबल्यावर ती वाटही बंद झाली.

1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली खरी. पण तिच्या प्रमाणपत्रांचे गणित बसविले आहे सोने, तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियम यांवर. ज्याला भाव आहे त्याचाच हिशेब! ज्या पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि पुढे कचरावेचकांनी ‘स्वच्छ’ ही स्वतःची सहकारी संस्था चालवून दाखविली, त्या पुण्यात तरी पुनर्विकासाच्या करारातच संच न फोडता अशा संस्थेच्या हवाली करण्याचे आणि त्याचे वाहतूक-शुल्क विकासकाने देण्याचे कलम घालता येईल. मजल्यांची संख्या आणि वाहनतळाचा आकार यांवर महिनोन्‌महिने वाद घालणाऱ्या संस्थांना एवढे कलम जड नाही.

दुसरा प्रश्न कारागिराचा. वाळलेला कंडेन्सर बदलणे, उडालेला एलओटी ट्रान्सफॉर्मर पारखणे, तडकलेला सोल्डर शोधणे, तिन्ही रंगांचे झोत एकत्र आणणे, हे ज्ञान पुस्तकात थोडे आणि हातात फार. रंगीत संचात वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही तो काही काळ ट्यूबमध्ये टिकून राहतो. नवशिक्या हौशाने झाकण उघडणे जिवावर बेतू शकते. हे काम जाणणारे मेकॅनिक आता साठीच्या आसपास आले आहेत. गल्लीतील त्यांची दुकाने मोबाइलच्या काचा बदलून कशीबशी तगली, नाही तर मिटली. हौशी ग्राहक संचासाठी हवी ती रक्कम मोजतो, दुर्मीळ मॉडेलसाठी घासाघीसही करीत नाही. परंतु दुरुस्तीची मजुरी सांगितली की त्याला ती जास्त वाटते. वस्तूचा भाव वाढला तो दुरुस्तीमुळे, आणि वाढीचा वाटा मात्र मधल्या विक्रेत्याच्या खिशात! दुरुस्तीच्या हक्काची भाषा केंद्र सरकारही 2022 पासून करू लागले आहे. ती ग्राहकाच्या हक्काची आहे, दुरुस्ती करणाऱ्याच्या नव्हे.

या मेकॅनिकांना औंधच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत आठवड्यातून एकदा बोलावून जुन्या संचांवर विद्यार्थ्यांचा हात बसविता येईल. त्यासाठी लागणारे संच कोथरूडच्या जिन्यांखाली पडले आहेतच. सर्किटच्या आकृत्या धूळ खात आहेत. त्या सर्वांसाठी खुल्या करण्यात आता कोणाचेही व्यापारी हित दुखावणार नाही. मागणी करताना एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहून द्यावी लागेल: या कारागिरांचे मानधन रोजंदारीच्या नव्हे, अध्यापकाच्या दराने.