टेपला संथ म्हणणाऱ्यांना

तुमच्या फोनमधलं व्हॉट्सअ‍ॅप रोज रात्री बॅकअप घेतं, असं तुम्हाला वाटतं. शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा आहे, हे कधी पाहिलंय? तो दुसऱ्या फोनवर उतरवून पाहिलाय? मीही पाहिलं नव्हतं. आणि माझ्याकडे चॅट नव्हते, लोकांचे पैसे होते.

2004 साली मी नंदुरबारमधल्या एका पतपेढीत कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. एक पेंटियम सर्व्हर, त्यावर युनिक्स, काउंटरवर सहा टर्मिनल आणि सर्व्हरच्या पोटात डीडीएस-3 टेप ड्राइव्ह. कॅसेट काडेपेटीहून थोडी मोठी, पण तिच्यात 12 जीबी मावायचं. संध्याकाळी हिशेब जुळला की टेप घालायची, बॅकअप लावायचा आणि टेप मॅनेजरांच्या कपाटात ठेवून घरी जायचं. आधी हे काम पाऊण तासात उरकायचं. मग दोन तास लागू लागले. मग चार. त्यात लोडशेडिंग. यूपीएस कोकलायला लागला की बॅकअप अर्ध्यावर तुटायचा.

मॅनेजरांना आम्ही आप्पा म्हणायचो. आप्पा म्हणाले, "टेप जुनी झाली रे भाऊ, संथ झाली." देखभालवाला म्हणाला, नवा ड्राइव्ह घ्या. संचालक म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. मी हुशारी केली. बॅकअप झाल्यावर टेप परत वाचून मूळ डेटाशी ताडून पाहायचा टप्पा असतो, त्याला व्हेरिफाय म्हणतात. तो मी बंद केला. वेळ जवळजवळ निम्मा झाला आणि मला शाबासकी मिळाली. पुढे रोजचा बॅकअप आठवड्यातून दोनदा झाला. कोणी विचारलं नाही.

जानेवारीत हार्ड डिस्क गेली. कपाटातल्या टेपा एकेक करून घातल्या. काहींवर बॅकअप मध्येच तुटलेला, काही वाचताच येईनात. जी टेप पूर्ण वाचली गेली ती 11 आठवडे जुनी होती.

त्या 11 आठवड्यांच्या पावत्या आणि पासबुकं पुढ्यात घेऊन आम्ही नोंदी पुन्हा भरल्या. मिरचीच्या पथारीवर मजुरी करणारी एक मावशी काउंटरवर उभी राहून म्हणाली, "मना पैसा कथा गयात, भाऊ?" तिचं पासबुक भरायचं राहिलं होतं. पिग्मी एजंटच्या घामाने फुगलेल्या वहीत तिच्या रकमा सापडल्या, म्हणून ती वाचली. लाखाच्या सर्व्हरने नाही, पाच रुपयांच्या वहीने.

मग धुळ्याहून एक वयस्क इंजिनिअर काका आले. त्यांनी टेपला हात लावण्याआधी विचारलं, "संथ आहे हे कुणी ठरवलं?"

त्यांनी रस्ता दोन तुकड्यांत मोजला. आधी टेप बाजूलाच ठेवली. तेवढाच डेटा डिस्कवरून वाचला आणि कुठेच न लिहिता टाकून दिला. 2 जीबी वाचायला तीन तासांहून जास्त लागले. लक्षात घ्या, टेप नसताना तीन तास! मग एकच मोठी फाइल घेऊन नुसती टेप मोजली. डीडीएस-3 सेकंदाला साधारण 1 एमबी लिहिते, म्हणजे 2 जीबीला पस्तीसेक मिनिटं. तिला तासभर लागला. म्हणजे टेपचा दोष होता, पण थोडा. मोठा दोष तिला भरवणाऱ्याचा होता.

हे समजून घ्यायला टेपचा स्वभाव कळायला हवा. टेप ठरावीक वेगानेच पळते. तेवढ्या वेगाने डेटा आला तर ती न थांबता लिहीत जाते. डेटा कमी पडला की तिला थांबावं लागतं, थोडं मागे यावं लागतं, जागा शोधून पुन्हा पळत सुटावं लागतं. दर वेळी काही सेकंद जातात, टेप आणि हेड दोन्ही झिजतात. बुटावर ब्रश मागे-पुढे फिरावा तसं हे चालतं, म्हणून इंजिनिअर लोक याला शू-शायनिंग म्हणतात. बाहेरून तुम्हाला फक्त संथ टेप दिसते. आत ती उपाशी असते.

आमच्याकडे तिची उपासमार अशी होत होती. सॉफ्टवेअर रोज शेकडो बारक्या फायली बनवायचं. चार वर्षांत त्या लाखांवर गेल्या होत्या. डिस्कचं हेड त्या गोळा करत नुसतं उड्या मारायचं. चार वर्षांचा न बदलणारा डेटा आम्ही रोज नव्याने टेपवर चढवत होतो. टार कमांड मूळ सेटिंगवरच होती. ती एका वेळी 10 केबीचा घास द्यायची, तो 64 केबी करता आला असता. स्कझी केबलच्या टोकाचा टर्मिनेटर सैल होता, त्यामुळे सिग्नल बिघडून तेच काम पुन्हा पुन्हा व्हायचं. शिवाय धूळ. हिवाळ्यात नंदुरबारच्या पथारींवर लाल मिरची वाळते. खिडकी उघडी असली की तिची पूड शिंक आणते आणि ड्राइव्हच्या हेडवरही बसते. हेड मळलं की चुकलेला तुकडा ड्राइव्ह पुन्हा लिहितो. साफसफाई मागणारा दिवा कित्येक महिने लुकलुकत होता. मला वाटायचं, काम चालू आहे.

काकांनी क्लीनिंग कॅसेट फिरवली, टर्मिनेटर घट्ट बसवला, घास मोठा केला, जुन्या वर्षांचा डेटा दोन टेपांवर कायमचा काढून ठेवला. नवा ड्राइव्ह लागला नाही. बॅकअप 25 मिनिटांत संपू लागला, व्हेरिफायसकट.

माझं भांडण टेपच्या बाजूने नाही. 'संथ' या शब्दाशी आहे. हा शब्द निदान केल्याचा आव आणतो आणि तपास बंद करतो. 'टेप संथ आहे' म्हटलं की डिस्क, केबल, सॉफ्टवेअर, आप्पा, संचालक आणि मी, सगळे सुटलो. आणि चुकीच्या निदानावर जो उपाय होतो तो नेहमी एकच असतो: तपासणी कापा, वेग दाखवा.

तुम्ही म्हणाल, आता क्लाउड आहे. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या जगभरच्या प्रोग्रामरांच्या कंपनीत एका इंजिनिअरकडून चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. त्यांच्याकडे बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या. एकही धड कामाला आली नाही. चाचणीसाठी योगायोगाने काढलेली सहा तास जुनी प्रत हाती लागली. त्या कंपनीने हे सगळं जगासमोर कबूल केलं, हे तिचं मोठेपण. उलट 2011 मध्ये जीमेलच्या हजारो खात्यांमधला मेल गायब झाला, तेव्हा गुगलने तो कशावरून परत आणला? टेपवरून. वेगळी ठेवलेली टेप कुठल्याही नेटवर्कला जोडलेली नसते, म्हणून ऑनलाइन प्रतींचा घात करणारा बग तिच्यापर्यंत पोचत नाही.

आणि हा शब्द यंत्रांपुरता थांबत नाही. 29 सप्टेंबर 2010 ला देशातले पहिले आधार क्रमांक आमच्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिले गेले. आज रेशन दुकानात मजुराचा अंगठा मशीनवर उमटला नाही, तर त्याला ऐकवतात, "तुझं बोट येत नाही." नेटवर्क तपासलंय का, स्कॅनरची काच पुसलीय का, कुणी विचारत नाही. रस्त्याच्या शेवटी जो उभा आहे त्याच्यावर ठपका ठेवायचा, ही आमची जुनी सवय. सगळ्या जिल्ह्यालाच 'मागास' म्हणतात, तेव्हा मला तो मागे-पुढे करणारा टेप ड्राइव्ह आठवतो. याला वरून काय येत होतं आणि किती, ते आधी मोजा की.

मी मोजलं नव्हतं. मावशीचे पैसे वाचले, त्यात माझं काही कर्तृत्व नाही. आज तुम्ही एवढंच करा: घरातल्या एका जुन्या फोनवर कालचा बॅकअप उतरवून बघा. आईचा आवाज, बाबांचे फोटो परत येतात का ते पाहा. नाही आले, तर फोनला संथ म्हणू नका. कुठे अडलंय ते शोधा.