मशीन आमचं, पासवर्ड त्यांचा

बाहेरच्या दुकानात फोनची स्क्रीन बदलली की 'हा पार्ट ओरिजनल नाही' असा मेसेज काही फोनवर येतो ना? आमच्या कारखान्यातही तसंच होतं. फक्त तेव्हा समोर पिकलेल्या केळीचे ढीग असतात.

मी जळगावात फळांच्या पल्पच्या कारखान्यात मेंटेनन्स इंजिनीअर आहे. रावेर-यावलकडची केळी इथे येते. सोललेलं केळं काळं पडतं, कारण त्यातलं एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनबरोबर कामाला लागतं. म्हणून पल्प लगेच तापवायचा, पुढे स्टरिलायझरमधून काढायचा आणि थंड करून निर्जंतुक पिशवीत भरायचा. तापमान ठरलेल्या आकड्याखाली गेलं की व्हॉल्व्ह माल आपोआप मागे फिरवतो. या सगळ्यावर लक्ष ठेवतो पीएलसी, म्हणजे कारखान्यातला छोटा कॉम्प्युटर.

मागच्या सीझनला तापमानाचा सेन्सर गेला. नवा बसवायला वीस मिनिटं लागली. पण त्याचं कॅलिब्रेशन ज्या स्क्रीनवर टाकायचं तिला पासवर्ड, आणि तो मशीनवाल्या कंपनीकडे. रात्रीचे साडेनऊ. फोन लावला तर, "सर, सकाळी बघतो." सकाळी त्यांच्या माणसाने तिकडूनच लॉगिन करून चार आकडे टाकले. तोवर बराच माल फेकावा लागला होता. ऑपरेटर म्हणाला, "भाऊ, मशीन आपण विकत घेतलंय ना?"

त्याला काय सांगणार? केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची यंत्रं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि गाड्या आहेत. मे २०२५ मध्ये सरकारी समितीने रिपेअरेबिलिटी इंडेक्सचा अहवाल दिला. वस्तू दुरुस्त करायला किती सोपी, हे ग्राहकाला खरेदीआधीच कळावं, ही त्यामागची कल्पना. सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून. तुमच्यासाठी चांगलीच बातमी आहे. आमचं मशीन मात्र यात कुठेच नाही. मूळ अडचण अशी की २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा धंद्यासाठी वस्तू घेणाऱ्याला ग्राहकच मानत नाही. पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला सूट आहे, पण धुळ्याच्या अवधान एमआयडीसीत कामगार ठेवून युनिट चालवणाऱ्याला ती मिळणं अवघड.

अमेरिकेतही गंमतच झाली. मॅकडोनाल्डच्या सारख्या बंद पडणाऱ्या आइस्क्रीम मशीनवरून तिथे बराच गाजावाजा झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये कॉपीराइट ऑफिसने दुकानातल्या खाद्यपदार्थांच्या मशीनचं डिजिटल लॉक दुरुस्तीसाठी तोडायला परवानगी दिली. मागणी सगळ्या औद्योगिक मशीनसाठी होती, ती मान्य झाली नाही.

पासवर्ड नकोच, असं मी म्हणणार नाही. घाईत कुणी स्टरिलायझरचं तापमान कमी केलं तर खाणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. पण तापमान बदलणं वेगळं आणि सेन्सर बदलल्यावर आकडे भरणं वेगळं. दोन्हीला एकच कुलूप कशाला? कॅलिब्रेशन आम्हाला करू द्या, कुणी कधी काय बदललं याची नोंद मशीनमध्येच राहू द्या. पीएलसी प्रोग्रामचा बॅकअपही आमच्याकडे हवा.

कायदा नाही म्हटल्यावर जोर लावायची जागा एकच, परचेस ऑर्डर. पैसे दिल्यावर कोण ऐकतंय! नव्या लाइनच्या ऑर्डरमध्ये मी या तिन्ही अटी टाकल्यात. दोन सप्लायरनी बॅकअप द्यायला होकार दिलाय. कॅलिब्रेशनच्या पासवर्डवर मात्र दोघंही अजून गप्प आहेत.